पाऊणकी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
मामानं शिकवलेलं एवढंच गणित
दारूला माझ्या डोक्यातून पुसता आलं नाही.
अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.

दुसरी एक भरती आहे, तिला तिथी नाही.
ती चहाच्या कपात येते, डिझेलच्या वासात येते,
कुणाच्या बारशाला येते,
आणि काहीच घडलेलं नसतं
अशा एखाद्या मंगळवारी तर हमखास.

तळाशीलला जमीन म्हणजे एक पट्टी.
इकडे दर्या, तिकडे खाडी, मधे एकच रस्ता.
ज्याला टाळायचं तो समोरून येतोच.
बाबल येतो. म्हणतो,
"काय रे दिगू, खंय असतस हल्ली?"
इथेच असतो की.
रोज उजाडताना सुरूच्या बुंध्याला पाठ लावून बसतो.
पूर्वी याच बुंध्याशी आडवा असायचो.

कणकवलीच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, श्वास मोजा.
आत एक, बाहेर एक.
मी चारपर्यंत नीट जातो.
पाचव्याला टेबलावरचा स्टीलचा पेला दिसतो,
पडून पडून एका जागी काठ चपटा झालेला.
तसं झालं तर परत एकपासून सुरू करा, म्हणाल्या,
स्वतःवर रागावू नका.
गोळ्यांपेक्षा हे गिळायला कठीण गेलं.

मंजुळा अजून माझा शर्ट धुवायला टाकताना
नाकाशी नेते.
नेऊ दे.

तीन वर्षांपूर्वी, नारळीपुनव होऊन पंधरवडा झाला होता,
मी इथूनच ओरडलो होतो: तारली! तारली!
चाळीस माणसं धावली.
होडी फेर मारून आली,
दोर खांद्याला लावून सगळ्यांनी तीन तास रापण ओढली.
जाळ्यात आले दोन केंड, एक चप्पल आणि चिखल.
कुणी शिवी दिली नाही.
लवू आजोबांनी फक्त माझ्या तोंडाजवळ नाक आणलं
आणि वाट्याच्या वहीत माझ्या नावावर
पेन्सिलीनं रेघ मारली.
खिशाला पेन होतं.
पेन्सिलीनं मारली, हे मला
फार उशिरा कळलं.

या वर्षी त्यांनी काही विचारलं नाही.
"नजर तुझी," एवढंच म्हणाले.

तर आता मी बघतो.
पाणी आधी राखाडी असतं, मग हिरवं,
मग बराच वेळ त्याला सांगता येईल असा रंगच नसतो.
खालून मासा वर आला की पाण्यावर काटा येतो,
अंगावर येतो तसा.
तो दिसेपर्यंत काहीच दिसत नाही,
आणि ते काहीच-नाही बघायला
माणूस पूर्ण जागा लागतो.

आज साडेसातला सर्जेकोटाच्या अंगाला
काळा डाग दिसला.
घसा कोरडा पडला. हात आपोआप वर निघाला.
धरून ठेवला.
आत एक. बाहेर एक.
डाग वाऱ्याबरोबर सरकत होता.
मासा वाऱ्याचं ऐकत नाही.
तीन. चार.
पेला आला, चपट्या काठासकट.
ये बाबा. बस.
परत एक.
डाग वाळूवर चढला, माझ्या पायांवरून गेला,
घोट्यांना जरा गार लागलं,
आणि मागच्या केवड्यातून
खाडीकडे निघून गेला.

खाली चाळीस माणसं माझ्या हाताकडे बघत होती.
मी हात हलवला. नाही.
कुणीतरी तंबाखू मळायला घेतली.
कुणीतरी हसलं, पण माझ्यावर नव्हे.
लवू आजोबांनी वही मांडीखाली सरकवली
आणि डोळे मिटून घेतले,
बघणारा कुणी आहे म्हटल्यावर मिटतात तसे.

आज एकादशी. दर्याला उपास नसतो.
भरती सव्वाआठला.
म्हणजे अजून पाऊण तास.
बसलोय.